पळपुटा म्हणे! मग मनरोत थांबून काय फासावर लटकायचं होतं?

खडूस_काका
काल मार्टिन ल्यूथर किंगवरच्या लेखाखाली 'माणकेश्वर' यांनी अमेरिकेतल्या दुसऱ्या एका काळ्या पुढाऱ्याबद्दल लिहिलं: "रॉबर्ट विल्यम्स म्हणजे बंदूक मिरवणारा, वेळ आल्यावर क्यूबात पळालेला आणि माओच्या पंगतीला बसलेला माणूस. किंगशेजारी त्याचा पाट मांडू नका." वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

ऑगस्ट १९६१. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिनातलं मनरो, विल्यम्सचं गाव. फ्रीडम रायडर्स, म्हणजे बसमधला वर्णभेद मोडायला दक्षिणेत आलेले कार्यकर्ते, कोर्टासमोर निदर्शनं करत होते, गोऱ्या जमावाने त्यांना बडवलं. काळ्यांची वस्ती संतापलेली, आणि नेमकं तेव्हा एक गोरं जोडपं गाडी घेऊन तिथे शिरलं. लोकांनी गाडी अडवली. विल्यम्सने त्या दोघांना स्वतःच्या घरात घेतलं, म्हणून ती धड परत गेली. बक्षीस काय? अपहरणाचा गुन्हा! त्याच रात्री बायको मेबल आणि दोन मुलांना घेऊन तो निघाला. न्यूयॉर्क, कॅनडा, मग हवाना. मागे एफबीआयची 'पाहिजे' पत्रकं. याला पळपुटा म्हणायचं तर पळपुटेपणाला वजन आहे.

आणि बंदुकीचं म्हणाल, तर १९५७ मध्ये कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवादी टोळीची माणसं गाड्यांचा ताफा घेऊन विल्यम्सचे काळे सहकारी डॉ. अल्बर्ट पेरी यांच्या घरावर चालून आले. विल्यम्सची माणसं वाळूची पोती रचून तयारच होती. गोळीबार झाल्यावर ताफा पांगला. त्यानंतर नगरपालिकेने असल्या ताफ्यांवर बंदी घातली. अर्ज करून करून जे झालं नव्हतं, ते.

माणकेश्वर
लेख छान. पण सोयीचं तेवढंच आलंय. १९५९ मध्ये कोर्टाच्या पायरीवर उभं राहून "हिंसेला हिंसेने उत्तर देऊ" हे कोण म्हणालं? एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या रॉय विल्किन्सनी सहा महिने निलंबित केलं ते उगाच? त्याच वर्षी किंग मुंबईत मणिभवनात राहून गेले होते. एक माणूस गांधी समजून घ्यायला सातासमुद्रापार येतो, दुसरा गोऱ्यांच्या पेपरांना आयता मथळा देतो.

खडूस_काका
पायरीवर का म्हणाला तेही लिहा ना. आत एका गरोदर काळ्या बाईवर बलात्काराचा प्रयत्न केलेला गोरा त्याच दिवशी सुटला होता. तिथल्या बायकांनी विल्यम्सलाच जाब विचारला. तुम्ही तिथे असतात तर काय सांगितलं असतंत, सूतकताई?

आणि नुसती बंदूक नव्हती हो. १९५८ मध्ये एका गोऱ्या मुलीने गालाचा मुका घेतला म्हणून दहाच्या आतल्या दोन काळ्या मुलांना सुधारगृहात टाकलं होतं. विल्यम्सने जगभर बोंब ठोकली, तेव्हा तीनेक महिन्यांनी सुटली.

दगडखाण
सगळे बंदुकीवरच अडलेत. मूळ भांडण पोहण्याच्या तलावाचं होतं. सरकारी पैशाने बांधलेला तलाव फक्त गोऱ्यांना. काळ्यांची मुलं ओढ्यात पोहायची आणि बुडून मरायची. विल्यम्स म्हणाले, निदान आठवड्यातून एखाद-दुसरा दिवस द्या. उत्तर आलं, परवडणार नाही, तुमची मुलं पोहून गेली की दर वेळी सगळं पाणी बदलावं लागेल.

मी पोहायला दगडाच्या खाणीत शिकलो. गावात क्लबचा तलाव होता, पण सभासद व्हायला दोन सभासदांच्या सह्या लागायच्या आणि आमच्या आळीत कुणाला कोण सही देणार? मावसभाऊ खाणीत गेला. गळ टाकून काढला त्याला. एका पायात चप्पल तशीच होती, अंगठा तुटलेली. "पाणी बदलावं लागेल" हे वाक्य वाचलं की मला ती चप्पल दिसते.

शांतीसदन
झालं! आता महाड येणार. अमेरिकेवर लिहा, युगांडावर लिहा, तिसऱ्या प्रतिसादाला चवदार तळं हजर. कंटाळा आलाय.

दगडखाण
महाडमधला 'म'सुद्धा मी काढलेला नाही. तुम्हालाच आठवलं. का आठवलं ते बघा.

शांतीसदन
वैयक्तिक होऊ नका. क्लबांचे नियम सगळ्यांनाच जाचतात. मी स्वतः दोन वर्षं वेटिंग लिस्टवर होतो.

सविता_ना
दादा, वेटिंग लिस्टमध्ये कुणी बुडत नाही.

पंपवाला
अवांतर: वीस वर्षं फिल्टरेशनच्या धंद्यात आहे. तलावाचं पाणी असं रोज बदलतच नाहीत, गाळून, क्लोरीन टाकून तेच फिरवतात. म्हणजे मनरोवाल्यांचं कारण तांत्रिकदृष्ट्याही भंपक.

शांतीसदन
छान. आता क्लोरीनवर धागा काढा.

माणकेश्वर
मूळ मुद्द्यावर याल का? हवानातून 'रेडिओ फ्री डिक्सी' या स्वतःच्या कार्यक्रमात दक्षिणेतल्या काळ्यांना उठा म्हणून सांगायचं, आणि बीजिंगमध्ये रेड गार्ड, म्हणजे माओची तरुण पोरं, मास्तरांच्या गळ्यात पाट्या अडकवून धिंड काढत होते तेव्हा तिथेच पाहुणचार घ्यायचा. याला काय म्हणू?

खडूस_काका
घ्या, हा गुण तुमचा. चीनमधल्या वर्षांचं समर्थन मला जमत नाही. पण क्यूबातल्या कम्युनिस्टांशी त्याचं फाटलं होतं, तेही सांगा. ते म्हणायचे आधी वर्ग, वंशाचं नंतर बघू. हे 'नंतर बघू' आपल्याकडेही पुष्कळ ऐकलंय. आणि गांधी समजून घेणाऱ्या किंगनी १९५६ मध्ये घरावर बॉम्ब पडल्यावर पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. तो नाकारला गेला.

सविता_ना
आणि परतही आला की. १९६९ मध्ये डेट्रॉइटला उतरला, खटला अंगावर असताना. १९७६ मध्ये सरकारनेच आरोप मागे घेतले. पळपुटे असे परत येतात?

माणकेश्वर
बरं बाई. 'पळपुटा' मागे घेतो. माओ मागे घेत नाही.

खडूस_काका
तोही घेऊ नका. १९९६ मध्ये विल्यम्सला मनरोतच पुरलं. बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स बोलायला उभ्या राहिल्या होत्या. आणि त्याच्या अंगावर माओने दिलेला राखाडी सूट होता.

माणकेश्वर
बघा! मी काय म्हणत होतो?