न विचारता काढलेले फोटो : तुमचे अनुभव लिहा

रस्त्यावर हिंडत अनोळखी माणसांचे फोटो काढणं हा माझा जुना छंद. विचारून काढायला गेलं की माणूस ताठ होतो, शर्ट नीट करतो, आणि ज्यासाठी थांबलो होतो ते निघून जातं. न विचारता काढला तर चोरल्यासारखं वाटतं. सार्वजनिक जागी काढायला सहसा बंदी नसते हे ठाऊक आहे, तो वाद इथे नको. फोटो काढल्यावर त्याचं काय केलंत ते लिहा. आणि ज्यांचे फोटो निघाले त्यांनी तर जरूर लिहा, त्यांना कुणी विचारतच नाही.

* * *

मी त्या दुसऱ्या बाजूची. रात्रपाळी संपवून ट्रेनमध्ये बसल्या बसल्या झोप लागली. मान कलंडलेली, तोंड उघडं. समोरच्याने फोटो काढला, खाली एक चटकदार ओळ लिहिली आणि दिला सोडून. फिरत फिरत तो माझ्या भावाच्या ग्रुपवर आला. त्याने मला बॅगेवरून ओळखलं. खरं सांगू का, फोटोचं मला एवढं काही वाटलं नाही. झोपलेला माणूस असाच दिसतो. ओळ होती, 'रात्रभर काय चाललं होतं कोण जाणे!' रात्रभर मी वॉर्डात सलाइनच्या बाटल्या बदलत होते. हे आता कुणाकुणाला सांगत फिरू?

* * *

ताई, वाचून संताप आला.

मी आधी काढतो, मग लगेच जवळ जाऊन स्क्रीन दाखवतो. नको म्हणाले तर त्यांच्यासमोरच डिलीट, 'नुकतेच हटवलेले'मधूनसुद्धा. बरेच जण उलट 'मला पाठवा' म्हणतात. लांब पल्ल्याची लेन्स लावून कोपऱ्यातून टिपणं मला पटत नाही. ३५ मिमीच्या लेन्सने काढायचं तर जवळ जावंच लागतं, आणि समोरच्यालाही आपण दिसतो. भाषा येत नसली तरी कॅमेरा वर करून भुवया उंचावल्या की प्रश्न पोचतो.

तरी एक खटकतं. फाटक्या कपड्यातल्या माणसापुढे महागडा कॅमेरा गळ्यात अडकवून उभं राहिलं की तो 'नाही' म्हणेल कसा? त्याचा होकार मी निम्माच धरतो. तसले फोटो माझ्याजवळच राहतात.

* * *

यावरून अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लांगचा तो प्रसिद्ध फोटो आठवला. मार्च १९३६, कॅलिफोर्नियातल्या निपोमोची वाटाणा तोडणाऱ्या मजुरांची छावणी, आई आणि तिला बिलगलेली मुलं. लांगने तिचं नावही विचारलं नव्हतं. जगाला ते कळलं १९७८ साली. तोवर तो चेहरा महामंदीचं प्रतीक झाला होता आणि त्या बाईला त्यातून एक पैसाही मिळाला नव्हता, शिवाय गरिबीचा शिक्का बसला तो वेगळाच. गंमत अशी, की १९८३ मध्ये ती आजारी पडली तेव्हा त्याच फोटोच्या ओळखीवर अनोळखी लोकांनी उपचारासाठी पैसे पाठवले. त्यामुळे मला यात सरळ निकाल देता येत नाही.

* * *

कायद्याचं थोडक्यात. जर्मनीचा माजी चॅन्सलर बिस्मार्क १८९८ मध्ये वारला तेव्हा दोन फोटोग्राफरांनी रात्री खोलीत घुसून त्याच्या मृतदेहाचा फोटो काढला. त्या गदारोळानंतर जर्मनीत १९०७ चा कायदा आला: माणसाचं चित्र त्याच्या संमतीशिवाय पसरवायचं किंवा जाहीर दाखवायचं नाही. गर्दीचे, समारंभांचे, निसर्गदृश्यात ओघाने आलेल्या माणसांचे अपवाद आहेत. लक्षात घ्या, त्याचा रोख काढण्यावर नाही, पसरवण्यावर आहे. कॅनडात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने माँट्रियालमधल्या एका मुलीच्या बाजूने निकाल दिला. सतरा वर्षांची असताना ती एका इमारतीच्या पायरीवर बसली होती, तेवढाच फोटो, एका कलाविषयक मासिकात छापलेला. भरपाई २,००० डॉलर. फोटोत वाईट काही नव्हतंच.

* * *

कायदा राहू द्या. मी ज्या माणसापासून निसटून आले त्याला मी कोणत्या गावात आहे हे कळू नये, एवढीच माझी गरज आहे. कुणीतरी आपल्या मैत्रिणीचा फोटो टाकतं आणि मागे मी, माझ्यामागे दुकानाची पाटी. त्यांच्या मनात काहीच नसतं. पण फोटो 'सर्वांसाठी' ठेवला की तो त्या सर्वांतल्या एकालाही दिसतो. मूळ फाइल पाठवली तर तिच्यात कधीकधी जागेचे अक्षांश-रेखांशही असतात. मागची माणसं धूसर करायला क्षण लागतो हो. आता कॅमेरा दिसला की मी पाठ फिरवते, आणि लोक मला शिष्ट समजतात.

* * *

सगळ्यांशी सहमत, पण सगळंच विचारून काढायचं ठरलं तर वर्दीतला माणूस कुणाला बदडत असताना त्याची परवानगी घ्यायची का? मी तसा व्हिडिओ काढलाय आणि पुन्हा काढेन. मार खाणाऱ्याचा चेहरा मात्र झाकून मगच दिला.

* * *

+१. आणि अपघातात पडलेल्याचा फोटो काढणाऱ्यांनी आधी हात द्यावा. बाकी काही लिहायचं नाही मला.

* * *

आमच्या घरात यावर दोन तट आहेत. बाबा गेल्यावर काही महिन्यांनी एका अनोळखी छायाचित्रकाराच्या पानावर ते दिसले: बाकावर बसून एकटेच खदखदून हसताहेत. असा फोटो आमच्याकडे एकही नाही. आईला तो मोठा करून भिंतीवर हवाय. धाकटा भाऊ म्हणतो, बाबांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांना तर घरातलेही फोटो नको असायचे, तो काढून टाकायला सांगा. मी त्या छायाचित्रकाराला लिहिलं. त्याने मूळ मोठी फाइल तत्परतेने पाठवली आणि विचारलं, पानावर ठेवू की काढू? आई 'ठेव' म्हणते, भाऊ 'काढ' म्हणतो, उत्तर मला द्यायचंय. तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली असेल तर काय केलंत ते सांगा.