इन्चार्ज झाले आहे. पी.जी. करावं का, आणि कशात?

रात्रपाळी

नमस्कार. सर्जिकल वॉर्डात 11 वर्षं झाली. चार महिन्यांपूर्वी आमच्या इन्चार्ज सिस्टर निवृत्त झाल्या आणि सगळ्यांत सीनियर मीच उरले, म्हणून किल्ल्या माझ्याकडे आल्या. वेगळं प्रशिक्षण काही झालं नाही. रोस्टर कसं लावायचं, इंडेंट, म्हणजे सामानाची मागणी, कधी भरायचा, एवढं मागच्या सिस्टरांनी दोन दिवसांत दाखवलं.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट सांगते, कारण प्रश्न तिथूनच आला. पोटाच्या ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस असलेला पेशंट. सकाळी सातच्या हँडओव्हरला चार्ट हातात घेतला. श्वासाच्या रकान्यात रात्रभर 18, 18, 20, 18. पेशंटकडे बघितलं तर मानेच्या शिरा ताणलेल्या, बोलताना मध्येच थांबत होता. मी घड्याळ धरून पूर्ण मिनिट मोजलं. 32. तासाभरात आयसीयूत हलवला. नऊ दिवसांनी बरा होऊन वॉर्डात परत आला, पण त्या सकाळचं ओझं माझ्यावर अजून आहे.

रात्रीच्या सिस्टरला नोकरीला लागून आठ महिने झालेत. मी तिला बाजूला घेतलं. ती रडत म्हणाली, "मला तीन वाजताच वाटलं होतं काहीतरी बरोबर नाही. पण बीपी ठीक होतं. सिस्टर, कुणाला सांगायचं होतं मी? आणि काय म्हणून सांगायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी स्वतः असते तर डॉक्टरांना उठवलं असतं, हे मला माहीत आहे. पण मी नसताना वॉर्ड कसा चालावा, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

म्हणून पी.जी.चा विचार करतेय. एकीकडे सर्जिकल नर्सिंगमध्ये मास्टर्स आहे, दुसरीकडे नर्सिंग व्यवस्थापनात. सोबतच्या म्हणतात, पी.जी. करून शेवटी कॉलेजात शिकवायला जाशील, पेशंट सुटेल. एक जण तर म्हणाली, डिग्रीने पेशंट बरा होतो का? मला पेशंट सोडायचा नाही. आणि खरं सांगायचं तर संख्याशास्त्राची भीती वाटते, वही उघडून 11 वर्षं झालीत. ज्यांनी केलंय त्यांनी कृपया लिहा.

घड्याळवाली

ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. मी 38व्या वर्षी पी.जी.ला बसले, नोकरी सांभाळून तीन वर्षांत केलं, आता दोन वॉर्डांची जबाबदारी बघते. लांब लिहिणार आहे.

आधी एक गोष्ट मनातून काढा, की तुम्ही कुठेतरी कमी पडलात. पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 मध्ये परिचारिकेच्या कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या, अगदी नवशिकीपासून तज्ज्ञापर्यंत. त्यातला मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटलेला मुद्दा असा की पायरी माणसाला चिकटलेली नसते, कामाला असते. अनोळखी कामात तज्ज्ञसुद्धा पुन्हा नवशिकी होते. पेशंटच्या खाटेशी तुम्ही पाचव्या पायरीवर आहात. चार्ट आणि चेहरा जुळत नाही हे तुम्हाला उभ्या उभ्या कळलं. इन्चार्ज म्हणून मात्र चार महिनेच झालेत. मला हे वर्गात कळलं तेव्हा फार हलकं वाटलं होतं, कारण पहिलं वर्षभर मी स्वतःलाच दोष देत होते.

आता तुमच्या त्या सिस्टरचा प्रश्न, "कुणाला सांगायचं आणि काय म्हणून?" याचं उत्तर लिहून ठेवता येतं, हे मला अभ्यासातच समजलं. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये एक अर्ली वॉर्निंग स्कोअर आणला आणि 2017 मध्ये सुधारला. श्वास, ऑक्सिजन सॅच्युरेशन, वरचं बीपी, नाडी, शुद्ध, तापमान, शिवाय ऑक्सिजन लावलाय का, या प्रत्येकाला गुण, जितकं बिघडलेलं तितके जास्त. बेरीज 5 झाली की डॉक्टरांनी तातडीने बघायचं, 7 झाली की इमर्जन्सी. आणि एकाच रकान्यात 3 आले तरी कळवायचं. मिनिटाला 25 किंवा जास्त श्वासांना एकट्यालाच 3 गुण आहेत. म्हणजे तुमच्या पेशंटचे 32 एकदा नीट मोजले गेले असते, तर बीपी कितीही चांगलं असलं तरी त्या मुलीच्या हातात फोन करायचं कारण आलं असतं. "मला वाटतंय" म्हणून फोन करायला आठ महिन्यांची नवी मुलगी घाबरते. "स्कोअर इतका आहे" म्हणायला कमी घाबरते.

पण नुसता तक्ता भिंतीवर लावून काम होत नाही, हे मी स्वतः पाहिलंय. माझा प्रबंध याच विषयावर होता. जुने चार्ट काढले तर रकान्यात जवळजवळ सगळीकडे 18 नाहीतर 20. मोजलेले नव्हतेच, वरचा आकडा खाली उतरवलेला. नाडी आणि बीपी यंत्र सांगतं, श्वासासाठी मिनिटभर थांबावं लागतं, आणि रात्री ते मिनिट कुणाकडेच नसतं. मी सिस्टरांशी बोलायला बसले तेव्हा एकीने सांगितलं, "मोजून 26 लिहिलं तर पुढचा अर्धा तास त्यातच जातो, बाकीच्या पेशंटचं कोण बघणार?" हे वाक्य मी प्रबंधात जसंच्या तसं घातलं. तो आळस नव्हता. खरं लिहिण्याची किंमत तिला एकटीला मोजावी लागत होती.

इथेच दुसरा अभ्यास आठवतो. एमी एडमंडसन यांनी दोन रुग्णालयांतल्या आठ युनिटांमधल्या औषधांच्या चुका बघितल्या, ते 1996 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांना वाटलं होतं चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील. निघालं उलट, चांगल्या टीममध्ये चुका जास्त नोंदलेल्या. पुढे लक्षात आलं की तिथे चुका बहुधा जास्त होत नव्हत्या, तिथल्या परिचारिका त्या बोलून दाखवत होत्या. आणि बोलावं की नाही हे बरंचसं वॉर्डच्या इन्चार्जवर अवलंबून होतं. तुमची ती नवी सिस्टर तीन वाजता गप्प राहिली, पण सकाळी तिने तुम्हाला खरं सांगितलं. हे छोटं समजू नका. पुष्कळ इन्चार्जना कधीच खरं ऐकायला मिळत नाही.

संख्याशास्त्राबद्दल: मलाही धडकी भरली होती. पण आपल्या कामाला लागतं ते थोडं आहे. सरासरी आणि मध्यक यातला फरक, टक्केवारीमागे किती पेशंट आहेत ते बघणं, आधी-नंतरचा फरक योगायोगाने आला की खरा. आकड्यांची भीती आपल्या पेशाला शोभतही नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियन युद्धातले सैनिक कशाने मेले ते 1858 मध्ये रंगीत आकृती काढून दाखवलं, जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी कितीतरी जास्त. ज्यांच्या हातात सत्ता होती त्यांच्यापुढे त्यांनी रुग्णसेवेचे आकडे ठेवले.

आणि "शिकवायला जाशील" म्हणणाऱ्यांना हे सांगा. न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात 1899 मध्ये परिचारिकांसाठी पुढचा अभ्यासक्रम सुरू झाला, त्याचं नाव होतं हॉस्पिटल इकॉनॉमिक्स. जिथे 1907 मध्ये अ‍ॅडलेड नटिंग जगातल्या पहिल्या नर्सिंग प्राध्यापक झाल्या, तीच ही जागा. शिकवणाऱ्या आणि रुग्णालय चालवणाऱ्या, दोघींना एकाच वर्गात बसवलं होतं. तुम्ही त्या दिवशी त्या मुलीला बाजूला घेऊन बोललात तेव्हा काय करत होतात? शिकवतच होतात.

माझं मत: दोन्ही अभ्यासक्रमांची विषयवार यादी मागवा आणि नावाकडे बघू नका. संशोधन वाचायला शिकवतात का, गुणवत्ता सुधारणा आहे का, मनुष्यबळाचं नियोजन आहे का, आणि मुख्य म्हणजे प्रबंध तुमच्याच वॉर्डात करू देतात का. ज्यात हे आहे तो घ्या.

दुसरी_बाजू

मी व्यवस्थापनात केलं. शिकायला मिळालं, खोटं बोलणार नाही. पण डिग्री घेऊन परत आले तेव्हा तेच पद, तीच ड्यूटी, आणि पगारात काही फरक नाही. पद रिकामं झाल्यावर बघू म्हणाले. अडीच वर्षं तेच ऐकलं, मग नोकरी बदलली.

म्हणून सांगते, प्रवेश घेण्याआधी कार्यालयात जाऊन लेखी विचारा. रजा कोणत्या नियमाखाली, परत आल्यावर जागा कोणती, फी कोण भरणार, बाँड किती वर्षांचा. तोंडी आश्वासनावर जाऊ नका. माणसं बदलतात, मग कुणालाच काही आठवत नाही.

दुसरं, रात्रपाळीहून उतरून वर्गात बसणं पहिले दोन महिने जमतं, मग शरीर साथ देत नाही. रोस्टर आता तुमच्याच हातात आहे, पण स्वतःला सोयीचं लावलंत तर टीमचा विश्वास जाईल. आधी सगळ्यांसमोर बोलून घ्या.

ब्रदर_पाच_नंबर

घड्याळवाली ताईंनी लिहिलं त्यात एक भर घालतो. "डिग्रीने पेशंट बरा होतो का" याचं उत्तर शोधलं गेलंय. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये युरोपातल्या नऊ देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास मांडला. पदवीधर परिचारिकांचं प्रमाण 10 टक्क्यांनी जास्त, तिथे ऑपरेशननंतर 30 दिवसांत मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी कमी. त्याच अभ्यासात, प्रत्येक परिचारिकेमागे एक पेशंट वाढला की ती शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली. अमेरिकेत त्यांच्या 2002 च्या अभ्यासातही एका पेशंटमागे 7 टक्केच आलं होतं.

हे पदवीबद्दल आहे, पी.जी.बद्दल नाही, आणि हा संबंध आहे, थेट कारण सिद्ध झालेलं नाही. हा फरक ओळखायला मला पी.जी.नेच शिकवलं. आधी मी हाच आकडा मीटिंगमध्ये जोरजोरात सांगायचो, एका डॉक्टरांनी दोन प्रश्नांत गप्प केलं. पुढच्या वेळी मी त्यासोबत आमच्या वॉर्डाचे तीन महिन्यांचे आकडे नेले. कुठल्या रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट होते आणि त्या रात्री काय राहून गेलं, पेशंटची कूस बदलणं, औषधाची वेळ, ड्रेसिंग. रात्रीला एक जागा वाढवून मिळाली.

रात्रपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. घड्याळवाली ताई, तुमचं वाचून मी काल रात्री ड्यूटी नसताना वॉर्डात गेले. त्या मुलीबरोबर सहा पेशंटचे श्वास मोजले, दोघींनी वेगवेगळे, मग आकडे जुळवले. पहिल्या तिघांत तिचे माझ्यापेक्षा चार-पाचने कमी येत होते. ती अर्धा मिनिट मोजून दुप्पट करत होती आणि पेशंटला "आता श्वास मोजते" असं सांगत होती, मग पेशंट जपून श्वास घेत होता. मनगटावर नाडी धरल्यासारखा हात ठेवून मोज म्हटलं. शेवटच्या तिघांत आकडे जुळले. पहाटे तिचा मेसेज आला: "सिस्टर, सात नंबर 24, दोनदा मोजलं, डॉक्टरांना कळवलंय, येतायत."

दोन्ही अभ्यासक्रमांच्या याद्या मागवल्यात. सर्जिकलच्या कोर्समध्ये गुणवत्ता सुधारणेचा पेपर आहे आणि प्रबंध स्वतःच्या संस्थेत चालतो, त्यामुळे मन तिकडे आहे. कार्यालयाला लेखी पत्र आज दिलं, पोच घेतली. एकच शंका. श्वास मोजण्यासारखा साधा विषय प्रबंधाला चालतो का? मार्गदर्शक हसणार नाहीत ना?

घड्याळवाली

माझे नव्हते हसले. विषय साधा असू दे, प्रश्न नेमका ठेवा: रात्री आणि दिवसा मोजण्यात फरक पडतो का, आणि शिकवल्यावर तीन महिन्यांनी तो टिकतो का. तीन महिने हा भाग सोडू नका, शिकवल्यानंतरच्या आठवड्यात सगळेच नीट मोजतात.

जुने चार्ट बघण्यासाठी एथिक्स कमिटीची मंजुरी लागेल. माझी यायला पाच महिने गेले होते, म्हणून प्रवेश झाल्या झाल्या पहिल्याच महिन्यात अर्ज तयार करायला घ्या. आणि त्या मुलीला विचारा, तिला टीममध्ये यायचंय का.