जर्नल रचना राखते, मजकूर नव्हे

फाइल सिस्टिमला, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्थेला, जर्नल (होऊ घातलेल्या बदलांची आधीच केलेली नोंद) असले की वीज गेली तरी काहीच हरवत नाही, हे मत मला अर्धेच पटते. लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम मूळ मांडणीत केवळ मेटाडेटाची (फाइलचे नाव, आकार, जागा अशा माहितीची) नोंद जर्नलमध्ये करते. गेल्या पावसाळ्यात वाळपईला, आमच्या दुकानाचा हिशेब साठवत असतानाच वीज गेली. संगणक पुन्हा विनातक्रार सुरू झाला, डिस्कच्या तपासणीतही दोष निघाला नाही, पण हिशेबाची फाइल शून्य बाइटची उरली होती, कारण प्रोग्रामने जुनी फाइल रिकामी करून तिच्यावरच नवा मजकूर लिहायला घेतला होता.

झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइल सिस्टिम जुन्या ब्लॉकवर (डिस्कवरच्या मजकुराच्या जुन्या जागेवर) लिहीत नाहीत हे खरे, तरी आधीचा स्नॅपशॉट (फाइलींची एका क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) नसता तर तिथेही हेच घडू शकले असते. प्रोग्रामने तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून, एफसिंक करून (म्हणजे मजकूर डिस्कवर पक्का उतरवून), मगच तिला मूळ नाव द्यायला हवे.