बायपास आधी धड करा, नवा रिंग रोड मग बघू. पटतंय का?

सराफ्यातला राघू
इंदूरभोवती नवा बाह्य रिंग रोड येतोय. पश्चिमेचा भाग पिथमपूरच्या नॅट्रॅक्सपासून (गाड्यांच्या चाचणीचं केंद्र) शिप्रा गावापर्यंत, सुमारे 64 किमी; पूर्वेचा त्याहून लांब. माझा विरोध आहे, विशेषतः पूर्वेच्या भागाला.

जुना आग्रा-मुंबई रस्ता गावातूनच जायचा: देवास नाका, विजयनगर, पलासिया, भंवरकुआँ, राऊ. ट्रक बाहेर काढायला रिंग रोड केला, तर खजराना, बंगाली चौक, पिपल्याहाना सगळं त्याला येऊन चिकटलं. म्हणून आणखी बाहेर राऊ ते मांगलिया असा 32 किमीचा बायपास. तेव्हा बिचोली, कनाडियाला शेतं होती. आता टाउनशिप, शाळा आणि लग्नाची गार्डनं. पुढे देवासपर्यंत सिक्सलेन झाला, टोल लागला, पण सर्व्हिस रोड अजून धड नाही. तो उखडला की स्कूटर आणि ट्रॅक्टर-ट्रॉली मुख्य रस्त्यावर चढतात, तेही राँग साइडने. आधी हे नीट करा. नाहीतर वीस वर्षांनी आणखी एका रस्त्यासाठी हीच चर्चा करू.

महूचा ट्रान्सपोर्टवाला
राघूभाऊ, हे शहरात राहणाऱ्याचं मत झालं. धुळे-सेंधव्याकडून ब्यावऱ्याला निघालेल्या ट्रालाला इंदुरात काडीचं काम नसतं. तरी तेजाजीनगर, देवगुराडिया, बिचोली, कनाडिया, एमआर-10, प्रत्येक ठिकाणी शहराची गाडी त्याच्यासमोर येतेच. सर्व्हिस रोड गुळगुळीत केला म्हणून ती थोडीच कमी होणार?

आणि पिथमपूरहून उज्जैनला जाणारा माल पूर्वेकडून अख्ख्या शहराला वळसा का घालतो? कारण पश्चिमेला रिंग रोड कधी पूर्ण झालाच नाही. डागडुजीची एक हद्द असते. याच आग्रा-मुंबई रस्त्यावर खाली गणेश घाटात उतारावर ब्रेक निकामी होऊन किती वर्षं गाड्या एकमेकांवर आदळल्या! पाट्या लावून झाल्या. शेवटी सुमारे 9 किमीचा वेगळा रस्ता काढला, तेव्हा कुठे सुटका झाली.

राजवाडा_ते_रामबाग
2013 मध्ये बीआरटीएस (बससाठी राखीव मार्ग) सुरू झाला तेव्हा टाळ्या, 2025 मध्ये काढायचं ठरलं तेव्हाही टाळ्या. रिंग रोडसाठी हात शेकून ठेवा.

बिचोलीची वहिनी
टाळ्या राहू द्या, भावजी. जानेवारी 2018 मध्ये याच बायपासवर शाळेची बस डिव्हायडर ओलांडून ट्रकवर आदळली. चार मुलं आणि ड्रायव्हर गेले. तेव्हापासून आमच्या कॉलनीत मुलं बसमध्ये बसली की घरी मेसेज करतात. लांबचे ट्रक दुसरीकडे जात असतील तर आम्हाला ते हवंच आहे. पण तो रस्ता होईपर्यंत आम्ही काय करायचं? राघूभाऊंचं म्हणणं म्हणून अर्धं पटतं: सर्व्हिस रोड नीट आणि अरुंद अंडरपास रुंद आज हवेत, उज्जैनच्या सिंहस्थाच्या मुहूर्तावर नकोत.

सांवेरकर
जमीन कुणाची जातेय हे इथे कुणीच विचारलं नाही. मोबदला गाइडलाइनच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमीनदराच्या हिशेबाने, बाजारभाव त्याच्या कितीतरी पट. काळ्या मातीत गहू, सोयाबीन, बटाटा निघतो. ट्रॅक्टर मोर्चे हौस म्हणून निघत नाहीत. उगाच विरोध नाही, भाव द्या आणि शेताचे दोन तुकडे होतील तिथे खालून वाट द्या.

सराफ्यातला राघू
महूकर, पश्चिमेचा मुद्दा वजनदार आहे, त्यावर मी भांडत नाही. पूर्वेचं काय? बायपास तिकडेच आहे की! आणि काम कसं होतं तेही पाहिलंय. जून 2025 मध्ये अर्जुन बरोदाजवळ पूल बांधायला मुख्य रस्ता अडवला, पर्यायी रस्त्याची पावसाने चाळण केली. लोक रात्रभर जाममध्ये अडकले आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. ज्यांना हातातल्या कामाचा पर्यायी रस्ता सांभाळता येत नाही, त्यांना आणखी एवढा लांब रस्ता सोपवायचा?

महूचा ट्रान्सपोर्टवाला
म्हणून तर म्हणतो, चालू रस्ता खोदून पूल बांधण्यापेक्षा रिकाम्या जागी नवा बांधा. दोन्हीकडे कुंपण घाला, उतरायला मोजकेच चौक ठेवा, मध्ये कट नको. कॉलन्या चिकटल्या त्या बायपासला जागोजाग वाट मिळाली म्हणून.

सांवेरकर
कुंपण घातलंत तर माझा ट्रॅक्टर पलीकडच्या शेतात कसा जाणार, तेवढं सांगा.