हॉर्न वाजला की माझा ताबाच सुटतो

दीड वर्षापूर्वी द्राक्षाचे क्रेट घेऊन मुंबईला निघालो आणि कसारा घाटात पिकअप उलटली. हाड जुळलं, पण डोकं ठिकाणावर नाही. परवा नाशिकला द्वारका चौकाच्या सिग्नलला मागच्याने कर्कश हॉर्न मारला. मी गाडी आडवी लावून त्याची कॉलर धरली. माझ्या मागे बसलेला पोरगा थरथरत होता. आईशप्पथ, मी आधी असा नव्हतो.

उत्तर १: दादा, योगा करा, राग शांत होतो.

उत्तर २: नुसत्या योगाने भागणार नाही, भाऊ. मी समुपदेशक आहे. मेंदूतला अमिग्डाला म्हणजे धोक्याची घंटा, कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणजे ब्रेक. आघातानंतर घंटा जरा जरा कारणाने वाजते आणि ब्रेक उशिरा लागतो. तुमच्या शरीराला तो हॉर्न म्हणजे पुन्हा घाटच वाटत असणार. झोप कशी आहे? स्वप्नं पडतात? पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, असेल-नसेल, ते तपासूनच कळेल. आघातावर बेतलेल्या थेरपीने बऱ्याच जणांना फरक पडतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात.

मूळ प्रश्नकर्ता: झोप? तीनला जाग येते, क्रेट घसरल्याचा आवाज ऐकू येतो. बायकोलाही हे सांगितलं नव्हतं. उद्या फोन लावतो. आणि पोराला सॉरी म्हणायचंय, ते जास्त अवघड वाटतंय.