मदत हवी आहे: सशाच्या पिल्लाने खाणे सोडले आहे
नमस्कार. आमच्या सशाच्या ९ आठवड्यांच्या पिल्लाने आज पहाटेपासून सुक्या गवताला तोंड लावलेले नाही. एरवी वाटाण्याएवढ्या पडणाऱ्या त्याच्या लेंड्या आता मिऱ्याएवढ्या आणि तुरळक दिसत असून, ते कोपऱ्यात पाठ उंचावून, डोळे अर्धवट मिटून, दात करकरवत बसले आहे. जुलाब नाहीत, परंतु कान गार लागतात. सशाच्या आतड्याची हालचाल मंदावली तर काही तासांतच जिवावर बेतू शकते, म्हणून पशुवैद्यांची तातडीची वेळ घेतली असून तासाभरात निघत आहोत. तोवर त्याला ऊब कशी द्यावी, पोट फुगल्यासारखे वाटत असताना पिचकारीने भरवणे टाळावे का, आणि प्रवासात ते घाबरू नये म्हणून काय करावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया लगेच कळवावे.