मॅलिसला चला, आणि पहिल्या पुस्तकवाल्यांना भेटा

प्रेषक: मेधा, जर्मनटाऊन

मंडळी नमस्कार,

वाचनकट्ट्याला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक रहस्यकथावाले आहेत आणि तरी मॅलिसला आपल्यातल्या जेमतेम दोघी-तिघीच जातो, हे मला खरंच खटकतं, म्हणून ही लांबलचक मेल. चहा घेऊन बसा.

मॅलिस डोमेस्टिक म्हणजे रहस्यकथा वाचणाऱ्यांचं संमेलन. १९८९ पासून चालू आहे, कोविडचा खंड सोडला तर, आणि भरतं आपल्या इथेच मेरीलँडमध्ये, एप्रिलच्या शेवटाला. अलीकडे बरीच वर्षं नॉर्थ बेथेस्डाच्या मॅरियटमध्ये असतं, मेट्रोच्या रेड लाईनच्या स्टेशनवरून चालत जाता येतं, म्हणजे गाडी काढायचंही कारण नाही. बऱ्याच जणांना वाटतं की हे लेखक-प्रकाशकांचं काहीतरी असणार, आपण तिथे जाऊन काय करणार. तर तसं अजिबात नाहीये. आपला गणेशोत्सव जसा स्वयंसेवकांवर चालतो तसंच हे चालतं, आणि तिथे मान वाचकाचा. या संमेलनाचे अगाथा पुरस्कार कोणाला द्यायचे हेसुद्धा परीक्षक मंडळ ठरवत नाही, रजिस्टर केलेले लोक आधी नावं सुचवतात आणि मग संमेलनात मत देतात. बक्षीस म्हणजे एक चहाची किटली, तिच्यावर कवटी रंगवलेली असते.

मी जाते ती मुख्यतः एका कारणासाठी, पहिलंवहिलं पुस्तक आलेले लेखक शोधायला. नावाजलेल्यांची पुस्तकं काय, लायब्ररीत मिळतातच, एअरपोर्टवरही मिळतात. पण ज्याचं एकच पुस्तक आहे आणि तेही दोन महिन्यांपूर्वी आलंय, तो माणूस आपल्यापर्यंत पोचणार कसा? वर्तमानपत्रातली परीक्षणांची पानं कमी झाली, दुकानात पुढच्या टेबलावर जागा मिळते ती आधीच खपणाऱ्यांना. आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, की असल्या संमेलनात पॅनेलवर बसणारा लेखकसुद्धा स्वतःची फी भरून आलेला असतो, हॉटेल विमान सगळं त्याच्याच खिशातून. नवीन लेखकाला पहिल्या पुस्तकाचे जे काही पैसे मिळतात त्यातले बरेचसे इथेच जातात. तरी येतात, कारण एका छताखाली एवढे मनापासून वाचणारे लोक त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार.

आता सगळ्यात बघण्यासारखं काय ते सांगते. मॅलिस-गो-राऊंड नावाचा एक प्रकार असतो. मोठ्या हॉलमध्ये गोल टेबलं, प्रत्येक टेबलावर आपण वाचक बसून राहायचं, आणि लेखक जोडीजोडीने एकेका टेबलावर येतात, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं, तेवढ्यात आपलं पुस्तक सांगायचं, घंटा वाजली की उठून पुढच्या टेबलावर. गोंगाट इतका की पुढे वाकून ऐकावं लागतं. टेबलावर बुकमार्कांचा ढीग साचत जातो, कोणी रेसिपी कार्डं देतं, कोणी पुस्तकातल्या गावाचा छोटा नकाशा. मागे एकदा आमच्या टेबलावर शेवटी-शेवटी एक बाई आल्या, कोर्टात स्टेनोग्राफर होत्या, रिटायर झाल्यावर पहिली कादंबरी लिहिलेली. तोपर्यंत पंधरा-सोळा टेबलं बोलून त्यांचा घसा पार बसला होता. हातात एक कार्ड होतं, कोपरे मऊ पडलेलं, त्यावर पेनाने खाडाखोड. त्यांच्या जोडीला ज्या लेखिका होत्या त्यांची वीसेक पुस्तकं आलेली असतील, त्यांनी पर्समधून खोकल्याची गोळी काढून यांच्या हातात ठेवली आणि आम्हाला म्हणाल्या की माझं तुम्हाला माहितीच आहे, माझी मिनिटंही हिलाच द्या. मग या बाईंनी कार्ड उलटं ठेवून दिलं आणि साध्या बोलायला लागल्या, की साक्षीदार खोटं बोलायला लागला की त्याच्या वाक्यांची लांबी बदलते आणि ते टाइप करणाऱ्याच्या बोटांना वकिलाच्या आधी कळतं, आणि माझी नायिका तेवढ्यावरच खून पकडते. टेबलावरच्या आम्ही सगळ्यांनी ते पुस्तक घेतलं. मी ते रात्री दोनला संपवलं, आणि शेवट फार सुंदर आहे, अजिबात फसवणूक नाही.

रविवारी सकाळी नवीन लेखकांचा ब्रेकफास्ट असतो, त्याला लोक झोपेपायी दांडी मारतात, ते करू नका. एकेक जण उठून आपली आणि पुस्तकाची ओळख करून देतो, अंडी-बटाटे खाताखाता त्या वर्षीचं जवळपास सगळं नवीन पीक कळतं. पहिल्या कादंबरीच्या अगाथाला ज्यांचं नामांकन असतं त्यांचं वेगळं पॅनेल असतं, तेही चुकवू नका.

आणि प्रत्येक पॅनेलनंतर सह्यांची खोली. एका लांब टेबलामागे चार-पाच लेखक ओळीने, मधल्या नामवंतांसमोर दारापर्यंत रांग, आणि शेजारी पहिल्या पुस्तकवाला माणूस पेनाचं टोपण उघडतोय, बंद करतोय, बुकमार्क सरळ करतोय. कळकळीने सांगते, आधी त्याच्याकडे जा. मोठ्या लेखकाला सांगायला तुमच्याकडे फक्त 'फार आवडलं' असतं आणि ते त्यांनी लाख वेळा ऐकलंय. नवीन माणसाला तुम्ही विचारलंत की विषाची माहिती कुठून काढली, तर तो खुर्ची ओढून बसवून घेतो.

– मेधा

---

प्रेषक: काका, एलिकट सिटी

मेधा, तुझी मेल वाचली, हिलाही वाचून दाखवली. छान लिहिलंयस. आमची सगळी शाळा बाबूराव अर्नाळकरांवर झाली, सर्क्युलेटिंग लायब्ररीत काळा पहाड आणि झुंजार यांच्यासाठी नंबर लावायचो, माणसाने हजाराच्या वर पुस्तकं लिहिली, त्यामुळे एक आवडलं की पुढचं वर्षभराचं काम झालं असं असायचं. म्हणून मला नवीन लेखकाची धास्ती वाटते. आवडला तरी पुढे काय, एकच पुस्तक. आणि हार्डकव्हर तीस डॉलरच्या घरात, ते अनोळखी माणसावर का घालवायचे, दोन-तीन मिनिटांच्या बोलण्यावरून पुस्तक चांगलं आहे हे कळतं का? गोड बोलणारे पुष्कळ असतात.

दुसरं, हिला रक्तपात चालत नाही. मलाही बायपासनंतर फार भीषण काही रात्री वाचवत नाही. ते थ्रिलरवाले न्यूयॉर्कला जमतात म्हणे, आणि बाऊचरकॉन का काय ते, हे सगळं एकच का वेगळं? नीट समजावून सांग, मग ठरवतो.

– काका

---

प्रेषक: सायली, पूर्वी रॉकव्हिल, आता लीड्स

मेधाताई, काका, नमस्कार. मी लिस्टवर अजून आहे, फक्त वाचते, पण आज राहवलं नाही.

इथे हॅरोगेटला जुलैमध्ये क्राइम रायटिंग फेस्टिव्हल असतो, २००३ पासून, लीड्सहून ट्रेनने साधारण अर्ध्या-पाऊण तासावर. भरतो ओल्ड स्वॅन हॉटेलमध्ये, १९२६ साली अगाथा ख्रिस्ती गायब झाल्या होत्या ना, त्या सापडल्या ते हेच हॉटेल. तिथे व्हॅल मॅकडर्मिड दर वर्षी चार नवीन लेखक निवडून त्यांचं न्यू ब्लड नावाचं पॅनेल घेतात. आधी ढीगभर पहिल्या कादंबऱ्या वाचून काढायच्या आणि मग त्यातले चार स्टेजवर आणायचे, आणि हे एवढ्या मोठ्या लेखिकेने इतकी वर्षं करत राहायचं, मला याचं फार अप्रूप वाटतं. आज एवढं नाव झालेल्या लेखिका जेन हार्पर २०१७ ला याच पॅनेलवर होत्या, तेव्हा त्यांचं एकच पुस्तक होतं. लोक त्या तासाची तिकिटं आधी काढतात आणि बाहेर आल्याबरोबर पुस्तकांच्या तंबूत चारही घेतात. त्यामुळे काका, नवीन लेखक निवडायला आधी दुसऱ्या कोणीतरी चाळणी लावलेली असेल तर धास्ती कमी होते असा माझा अनुभव आहे.

– सायली

---

प्रेषक: मेधा, जर्मनटाऊन

काका, तुमचे प्रश्न अगदी बरोबर आहेत, आणि सायली, लिहीत जा गं.

आधी रक्तपाताचं. मॅलिस हे पारंपरिक रहस्यकथांचंच आहे, अगाथा ख्रिस्तींच्या वळणाची, उगाच रक्त-मांस नाही, खोलीचं दार लावून वाचावं असं काही नाही. खून होतो, पण पुढे सगळं डोकं लढवणं. काकूंना शंभर टक्के आवडेल. बाऊचरकॉन मोठं, सगळ्या प्रकारचं, १९७० साली सांता मोनिकाला सुरू झालं, अँथनी बाऊचर नावाचे समीक्षक होते त्यांच्या नावाने, दर वर्षी गाव बदलतं. तिथेही अँथनी पुरस्कार वाचकांच्या मतावर आणि त्यात पहिल्या कादंबरीचा वेगळा. न्यूयॉर्कचं थ्रिलरफेस्ट उन्हाळ्यात, तिथे एजंट आणि लिहिणाऱ्यांची वर्दळ जास्त, पण नवीन लेखकांचा ब्रेकफास्ट तिथेही आहे. तुमच्यासाठी मॅलिसच.

आता चांगलं कसं ओळखायचं. बोलण्यावर जाऊ नका, हे मीही म्हणते, कित्येक चांगले लिहिणारे बोलायला उभे राहिले की ततपप होतात. मी काय करते, नाव लिहून ठेवते, मग पुस्तकांच्या खोलीत जाऊन उभ्याउभ्या पहिली तीन-चार पानं वाचते, आणि मग मधलंच कुठलंतरी एक पान. पहिलं पान सगळ्यांनीच घासूनपुसून ठेवलेलं असतं, मधल्या पानावर माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते बघायचं. दोन पात्रांच्या बोलण्यातून कोण कोण आहे हे नावं न वाचता कळलं तर मी घेते. प्रेत कितव्या पानावर पडतं याला मी काही किंमत देत नाही.

आणि सायली म्हणते ती चाळणी इथेही आहेच. मिनोटॉर प्रकाशन आणि मॅलिस मिळून पहिल्या कादंबरीची स्पर्धा घेत आलेत, डॉना अँड्र्यूज त्यातूनच आल्या, ज्युलिया स्पेन्सर-फ्लेमिंगसुद्धा, आणि दोघींच्या मालिका केवढ्या मोठ्या झाल्या. मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकांच्या संघटनेबरोबरची मिनोटॉरची दुसरी स्पर्धा न्यू जर्सीच्या नेव्ह मार्च यांनी जिंकली, २०२० साली ती कादंबरी आली. १८९१ मध्ये राजाबाई टॉवरवरून दोन पारशी स्त्रिया पडून गेल्या होत्या, मुंबईत केवढं प्रकरण गाजलं होतं, त्यावरून सुचलेली आहे. पहिल्याच पुस्तकाला एडगरचं, म्हणजे त्या संघटनेच्या मानाच्या पुरस्काराचं नामांकन. काका, तुम्ही फोर्टात नोकरी केलीत, फोर्टातल्या त्या टॉवरपासून सुरू होणारी गोष्ट अमेरिकेतल्या नवीन लेखिकेने लिहिली आणि आपल्या ग्रंथालयात ती नाही, हे काही बरोबर नाही.

'पुढे काय' याचं उत्तर बाल्टिमोरच्या सुजाता मॅसी. त्यांच्या पहिल्या कादंबरीला पहिल्या कादंबरीचाच अगाथा मिळाला, पुस्तक १९९७ चं, जपानमध्ये घडणारं. ज्या वाचकांनी तेव्हा ते उचललं त्यांना पुढे जपानची अख्खी मालिका मिळाली, आणि मग २०१८ पासून परवीन मिस्त्री, १९२० च्या दशकातल्या मुंबईतली वकील. ते पात्र घडवताना त्यांच्यासमोर भारतातल्या पहिल्या महिला वकील कॉर्नेलिया सोराबजी होत्या, जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. म्हणजे आपल्याच भागातली बाई. पण पहिलं पुस्तक कोणी घेतलंच नसतं तर प्रकाशकाने पुढची छापली असती का? इथला हिशेब निर्दय आहे, पहिल्याचा खप बघून तिसऱ्याचा करार होतो किंवा होत नाही. अर्नाळकरांचंही पहिलं पुस्तक कोणीतरी नाव माहीत नसताना उचललंच असेल ना.

पैशांचं म्हणाल तर प्रत्येकाने प्रत्येक पुस्तक घ्यायची गरजच नाही. आपण पाच-सहा जण गेलो तर एकेकाने एकेक नवीन लेखक घ्यायचा आणि पुस्तकं कट्ट्यात फिरवायची. शिवाय काउंटी लायब्ररीच्या साइटवर खरेदीची सूचना करता येते, एका पुस्तकासाठी चार-पाच सूचना गेल्या तर लक्ष जातं आणि लायब्ररीने घेतलेल्या प्रतीचे पैसे लेखकाला मिळतातच. आवडलं तर चार ओळी ऑनलाइन लिहा, चार ओळीच, पण लिहा. आणि मत द्यायचं असेल तर वर्ष संपायच्या आत रजिस्टर करा म्हणजे नामांकनाचा कागदही हातात पडतो, उशीर केला तर फक्त शेवटचं मतदान उरतं.

जे येणार असतील त्यांनी याच मेलला उत्तर द्या, मी यादी करते.

– मेधा

---

प्रेषक: काका, एलिकट सिटी

मेधा, आमची दोन नावं लिही. राजाबाई टॉवरचं पुस्तक हॉवर्ड काउंटीच्या लायब्ररीत आहे का ते ही आत्ताच बघत्ये, नसेल तर सूचना टाकतो. शनिवारी-रविवारी दोन्ही दिवस येऊ, पण रात्री एलिकट सिटीला परत ड्राइव्ह करून पुन्हा सकाळच्या ब्रेकफास्टला पोचणं मला जमणार नाही, तेव्हा शनिवारी रात्री तुमच्याकडे जर्मनटाऊनला मुक्काम केला तर चालेल का? ही पुरणपोळ्या करून आणेल. आणि त्या कोर्टाच्या स्टेनोग्राफर बाईंचं पुस्तक आधी माझ्याकडे पाठव, बाकीच्यांनी नंतर नंबर लावा.

– काका